मटणाच्या टोपात शिजलेलं झाडाचं मटण

मुलगा जहाजावर निघाला तेव्हा मी गावदेवीपुढे उभी राहून बोलले, की पोरगा घरात परत पाऊल टाकीपर्यंत मासे-मटण तोंडाला लावणार नाही. बोलताना काही वाटलं नाही. पण रत्नागिरीत राहून मासे सोडणं म्हणजे काय, ते ज्यानं सोडलेत त्यालाच विचारा! सकाळी कोळीण दारात पाटी उतरवून म्हणायची, "काकी, सरंगा बघा तरी, ताजा फडफडीत आहे." मी आतूनच ओरडायचे, "पुढे जा गो बाई, उगीच माझा जीव नको खाऊस!" आमचे हे माझ्यासमोर बसून तळलेला बांगडा खायचे आणि वर ऐकवायचे, "नवस तू बोललीस, मी नाही." सगळं आयुष्य त्यांनी जहाजाच्या इंजिनात काढलं. नवस-बिवस म्हणजे त्यांच्या लेखी बायकांचं खूळ.

खूळ तर खूळ. मी घाबरले होते, हे कबूल करायला मला लाज नाही. मुलाचं जहाज ज्या वाटेनं जाणार होतं तिथे जहाजांवर हल्ले होत होते. टीव्हीवर धुराचे लोट दिसले की मी उठून देव्हाऱ्यापुढे जाऊन बसायचे. रोज संध्याकाळी त्याचा मेसेज यायचा, "जेवलो. झोपतो." तेवढ्यावर माझी रात्र जायची.

लेक पुण्याला असते. मांसाहार तिनंही सोडलाय, पण तिचं कारण निराळं. कोंबड्यांना कसं कोंबून ठेवतात त्याचा कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. तेव्हा मी तिला वाट्टेल ते बोलले होते. कोकणातली मुलगी आणि मासे खात नाही, लोक हसतील की नाही? ती या खेपेला आली ती बर्फाच्या डब्यात एक पाकीट घेऊन. म्हणाली, "आई, हे झाडाचं मटण. सोयाबीन नि वाटाण्याचं करतात. तुझ्या नवसाला चालेल."

मी चष्मा लावून पाकिटावरचा हिरवा ठिपका नीट बघून घेतला. मग म्हटलं, "सोडलंय तर सोडलंय ना? मग मेली मटणाची चव कशाला हवी?"

"चव कुठे सोडली, आई? मारणं सोडलंय," ती म्हणाली. मी कांदे चिरायला घेतले.

कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटप केलं, गरम मसाला घातला, वरून कोकम. उकळी फुटली आणि घरभर असा वास सुटला म्हणून सांगू! हे पेपर टाकून स्वयंपाकघरात आले. एक तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "हे मटण नाही? थापा कोणाला मारतेस?" मी तांदळाची भाकरी घेऊन बसले आणि अगदी अधाशासारखी जेवले. शेवटी बोटं चाटली. इतक्या दिवसांनी जिभेला ती चव लागली, तर डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

जेवणं आटोपून मोरीत भांडी घासायला बसले आणि मग माझं लक्ष गेलं. हातात मटणाचा टोप होता.

आमच्यात मटणाचा टोप आणि त्याची पळी वेगळी असते. ती वर माळ्यावर पालथी ठेवायची, देवाच्या स्वयंपाकाला तिचा वारा लागू द्यायचा नाही. सणावाराला, उपासाला कोणी त्या भांड्याला हात लावत नाही, मग नवस पाळणाऱ्या बाईनं त्यातलं जेवणं दूरच. आणि मी काय केलं होतं? मटणाचा मसाला म्हटल्यावर हात आपोआप माळ्यावर गेला होता. पाकीट शाकाहारी, मसाला शाकाहारी, आणि शिजवलं कशात, तर ज्यात सगळ्या जन्माचं मटण शिजलं त्यात.

"अगं आई, टोप घासलेला आहे," लेक म्हणाली.

"तुला काय कळतंय?" मी तिच्यावर खेकसले. "तू कोंबड्यांसाठी सोडलंयस. माझा पोरगा पाण्यात आहे!"

त्या संध्याकाळी मुलाचा मेसेज आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी लेकीनं कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, संपर्क तात्पुरता बंद आहे, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणे! हे म्हणाले, "धोक्याच्या भागात मुद्दाम सगळं बंद ठेवतात, मला माहीत आहे ना." पण टीव्हीची पिन त्यांनीच काढून ठेवली होती. दुपारी मी त्यांच्या पानात बांगडा वाढला तर ताट सरकवून म्हणाले, पोट बरं नाही. हे घाबरलेले मी उभ्या जन्मात बघितले नव्हते. ते बघून तर माझा उरलासुरला धीर सुटला.

मी लेकीला घेऊन देवळात गेले. गुरवाला टोपाचं सगळं सांगितलं आणि कौल लावायला सांगितला. त्यानं देवीच्या अंगावर दोन्हीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, लेकरानं अजाणता केलं असेल तर पोटात घाल, आणि उजवा कौल दे." पाकळ्या हलेनात. मी हात जोडून उभी. किती वेळ गेला देवीला माहीत. शेवटी उजवीकडची पाकळी सुटून खाली आली. गुरव हसला, "काकी, नवस शाबूत आहे. जावा घरी निवांत."

निवांत कसली? देवळाच्या पायऱ्या उतरताना मला कळलं की मी विचारलं ते टोपाचं. पोरगा सुखरूप आहे का, हे विचारायची माझी छातीच झाली नव्हती. डावी पाकळी पडली असती तर मी काय केलं असतं? लेक म्हणाली, परत जाऊन विचारूया. मी तिचा हात घट्ट धरला आणि तिला रिक्षाकडे ओढत नेलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. फोन वाजला की धावत जायचे, नाही वाजला तरी तो हातात घेऊन बघायचे.

फोन आला तेव्हा मी विळीवर नारळ खोवत बसले होते. लेकीनं स्पीकर लावून माझ्यापुढे धरला. "आई, मी बरा आहे," मुलगा म्हणाला. "सगळे बरे आहेत. नेट नव्हतं."

"इतके दिवस?"

"हो गो. तसं काही नाही." मग म्हणाला, "आई, मी आलो की मटण करू नको हां. मी सोडलंय."

मी नारळ खाली ठेवला. नळीसाठी बहिणीशी मारामारी करणारा हा पोरगा. तापानं फणफणलेला असतानाही रविवारी मटण मागणारा.

"कधीपासून रे?"

"याच आठवड्यात."

"का?"

"असंच."

तो बरा आहे हे कानांनी ऐकत होते, पण घाबरल्याशिवाय कोणी असं सोडत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? लेक माझ्याकडे बघत होती. हे दारात येऊन उभे राहिले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकते रे बाळा," मी म्हटलं. "देवीला जे बोललायस ते पाळ."

मग माझा एवढा मोठा पोरगा फोनवर हुंदके देऊन रडायला लागला.