ताईचा गायकवाड

साखरेवर इतका जीव लावलेली बाई माझ्या ताईशिवाय त्रिभुवनात दुसरी सापडायची नाही. ही चहातली साखर नव्हे बरं का! ग्लायकोसॅमिनोग्लायकन नावाच्या लांबलचक, चिकट साखळ्या असतात. ताई नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत त्या ताटलीत पसरते आणि त्यांच्यावर रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढवते. कुठल्या साखळीवर पेशी भराभर वाढतात आणि कुठल्या साखळीवर रुसून बसतात, हेच ती वर्षानुवर्षं बघते आहे. पेशींना ती ‘माझ्या पोरी’ म्हणते. उमरेडला चुलतभावाच्या लग्नात पंगतीतून पहिल्याच घासाला उठली. ‘पोरी उपाशी आहेत माह्या!’ अख्खा मांडव वळून बघायला लागला, कारण बाई बिनलग्नाची!

बाबांचा जन्म हातमागावर गेला. साखरेचं ते नाव त्यांच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी सरळ त्याचा ‘गायकवाड’ करून टाकला. रोज संध्याकाळी विचारायचे, ‘काय म्हणते वं तुहा गायकवाड?’ ‘खूश आहे, बाबा. पोरी सांभाळून राहिला.’ भिवापूरहून मुक्कामाला आलेल्या आत्याने हे ऐकलं आणि तिच्या हातातला चहा बशीत सांडला. ‘पोरी झाल्या तरी आमाले पत्ता नाई! काहून लपवलं वं?’ ताईने शांतपणे मोबाईलवर पेशींचा फोटो दाखवला. आत्या बराच वेळ निरखत राहिली. मग म्हणाली, ‘बापावर गेल्या वाटते.’

आम्ही पोट धरून हसलो, पण बाबांचा जीव खरोखरच त्या गायकवाडात अडकला होता. मधुमेहामुळे त्यांच्या टाचेची जखम भरत नव्हती. तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवल्या तर भरेल, असं ताईच कधीतरी बोलून गेली होती. ‘मले कधी लावते?’ ‘अजून ताटलीतच आहे, बाबा. माणसाले लावायले लय येळ आहे.’ ‘लागू दे. मी कुठी जाऊन राहिलो?’ धंतोलीतल्या डॉक्टरांना मात्र थांबता येईना. पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. त्यांची रिकामी खाट बघवत नाही म्हणून ताई प्रयोगशाळेजवळ खोली घेऊन राहते. घरी येतच नाही.

परवा तिचा फोन आला. पोरींनी अख्खी ताटली भरून टाकली होती, एकीला एक चिकटून, कुठे फट नाही. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, ‘मले बाबाचा पाय वाचवायचा होता गा. दुसरं काईच नव्हतं पाह्यजे.’

मला बाबा हवे होते, आणि ताईही हवी होती. एवढंच म्हणता आलं, ‘घरी ये वं, ताई. आई रोज तुह्या वाटणीच्या पोळ्या करून राहिली.’