वरची कवळी आणि लग्नाची तारीख

बाबांचे वरचे सगळे दात एका पावसाळ्यात काढावे लागले. कारण गुडाखू. तंबाखू आणि गुळापासून केलेला हा काळा लगदा आमच्या भागात दात घासायला वापरतात, आणि दात असेपर्यंत वापरतात. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वर्गात ते गुडाखूचे तोटे फळ्यावर लिहून देत आणि मधल्या सुट्टीत शाळेमागच्या बोरीखाली उभे राहून स्वतः घासत. निवृत्तीनंतर मधली सुट्टी दिवसभराची झाली.

ही गोष्ट दोन हजार तीन-चार सालातली. गाव आमगाव तालुक्यातलं. मी तेव्हा गोंदियात एका दैनिकाच्या कार्यालयात काम करत होतो आणि आठवड्यातून दोनदा घरी जात होतो.

हिरड्या भरून येईपर्यंत डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं. त्या चार महिन्यांत बाबा आधी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरून बोलले, नंतर बोलेनासेच झाले. ज्यांनी गावातल्या तीन पिढ्यांचे उच्चार सुधारले, त्यांना स्वतःच्या तोंडून निघणारे उच्चार मान्य नव्हते. काही हवं असलं की बोटानं दाखवत. आई म्हणायची, घरात एवढी शांतता लग्न झाल्यापासून नव्हती. तक्रारीचा सूर तिनं लावला नव्हता.

अडचण बहिणीची होती. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. सालेकसाकडच्या एका घरी तिची सोयरीक ठरली होती. मुलगा तिला पसंत होता, घरही. फक्त तारीख काढायची राहिली होती. मुलाकडच्यांना लग्न फागुनात हवं होतं आणि परीक्षा त्यानंतर होती. ‘परीक्षा सासरहून दे’ असं सांगितलेल्या दोन मुली आमच्याच गल्लीत होत्या. दोघींचेही फॉर्म भरलेले होते. पेपरला कोणीच बसलं नव्हतं. बहिणीनं बाबांकडे एकच गोष्ट मागितली होती, की तारीख परीक्षेनंतरची काढा. बाबांनी मान हलवून हो म्हटलं होतं.

पण बैठकीत मान हलवून भागत नाही. तिथे मुलीच्या बाजूनं आधी घरातला वडील माणूस बोलतो, मग बाप. आमच्याकडे वडील माणूस म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, मोठेबाबा. त्यांचे बत्तीसही दात शाबूत होते आणि त्यांनी घरातल्या चार मुलींची लग्नं ठरवली होती. चारही वेळा त्यांनी एकच वाक्य वापरलं होतं: “तुमी म्हनाल तसं.” बाप गप्प राहिला तर ते वाक्य शेवटचं ठरतं. मी वयानं लहान आणि बिनलग्नाचा, म्हणून माझं काम पोहे फिरवण्याचं. बहीण तर बैठकीत बसणारच नव्हती. त्यामुळे परीक्षा बाबांच्या तोंडावर अवलंबून होती, आणि तोंड कवळीवर.

कवळी बैठकीच्या दहा दिवस आधी आली. गोंदियाच्या डॉक्टरांनी ती बसवून दिली आणि सांगितलं, “चाचाजी, रात को पानी में रखना. सूखने मत देना.” बाबांनी घरी येऊन आईला यातलं अर्धंच सांगितलं: धुवून ठेवायची.

आईच्या दृष्टीनं प्रश्न धुण्याचा नव्हता, उष्ट्याचा होता. तोंडातून निघालेली वस्तू उष्टी. उष्टी वस्तू राखेनं घासायची आणि उन्हात वाळवायची, मग ती पळी असो की कवळी. तिनं नारळाच्या काथ्यानं आणि चुलीच्या राखेनं ती आत-बाहेर घासली आणि छतावर कोहळ्याच्या वड्यांशेजारी सुपात ठेवली. असं रोज. कवळी लखलखत होती. घरात पाहुणा आला की आई ती आणून दाखवायची.

बाबांच्या तोंडात मात्र ती टिकत नव्हती. टाळूला लावली की क्षणभर बसायची आणि पहिल्याच शब्दाला खाली यायची. चौथ्या दिवशी हिरडीवर लाल चट्टा उठला. पाचव्या दिवशी बाबांनी कवळी चष्म्याच्या डबीत घालून डबी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि बोटानं चहा मागितला.

त्या संध्याकाळी मी घरी होतो. बहिणीनं किल्ली मागून घेतली, कवळी खिडकीशी नेली आणि उजेडात धरून पाहिली. गुलाबी भागावर बारीक ओरखडे होते, तव्यावर असतात तसे. तिनं आईला विचारलं, ही घासून वाळवून कोण राहिलं?

आई म्हणाली, “मी. मंग काय तोंडातली वस्तू ओली ठेवू?”

बहिणीनं मांडणीवरून दोन सारख्या मापाच्या स्टीलच्या थाळ्या आणल्या. कोरड्या असताना एकीवर एक ठेवल्या, सहज सुटल्या. मग ओल्या करून ठेवल्या आणि आईच्या हातात दिल्या. आईला हे रोजचं होतं. ओल्या थाळ्या चिकटल्या की ती मलाच हाक मारायची. बहीण म्हणाली, कवळी अशीच बसते. टाळू एक थाळी, कवळी दुसरी, मधे लाळेचा पातळ थर. कोरडी कवळी म्हणजे कोरडी थाळी. शिवाय हे प्लास्टिक थोडं पाणी पिऊन असतं. उन्हात वाळलं की किंचित आकसतं आणि मापात बसत नाही.

आईनं विचारलं की मग पाणी लावून घालावी, त्यात एवढं काय.

तेव्हा बहिणीनं जे सांगितलं ते तिच्या अभ्यासक्रमात अर्ध्या पानात होतं. कोणतीही नवी वस्तू शरीरात गेली की तिच्या पृष्ठभागाला सगळ्यात आधी पाणी लागतं. त्यामागून प्रथिनं येतात. लाळेत ती असतात, आणि काही मिनिटांत ती त्या वस्तूवर जाऊन बसतात, पातळ साय धरावी तशी. पेशी येतात त्या सर्वांत शेवटी. त्या मूळ वस्तूला भेटतच नाहीत, त्या सायीला भेटतात. हिरडीला प्लास्टिक काय असतं ते कळत नाही. वर कोण बसलंय तेवढं कळतं. साय धरलेली कवळी लाळ नीट पसरू देते. आईची राख रोज ती साय खरवडून काढत होती, आणि वर ओरखडेही पाडत होती. साफ करायचीच नाही असं नाही, नाहीतर त्याच सायीवर जंतू घर करतात. पण मऊ ब्रशनं, आणि ओली ठेवून.

बाबा ऐकत होते. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कवळीशिवाय बोलायला दुपट्टा बाजूला केला.

“म्हणजे पाहुण्यासारखंच,” ते म्हणाले. “आधी पाण्याचा लोटा, मग बसायला सतरंजी, मग घरचे लोक.”

“तसंच, बाबा.”

“आन पाहुन्याले कोनी राखेनं घासत नाही,” आई म्हणाली, “हेच म्हनून राहिले न तुमी?”

बाबांनी दुपट्टा पुन्हा तोंडावर घेतला.

बैठकीला पाच दिवस होते. कवळी दोन दिवस पाण्यात राहिली. ती कुठे ठेवायची यावर वेगळा वाद झाला. पाण्याच्या घडवंचीवर आई ठेवू देईना, देवघराचा विषयच नव्हता. शेवटी गोठ्याच्या खिडकीत जागा ठरली आणि बहिणीनं पेल्यावर बशी झाकली. तिसऱ्या दिवशी बाबा, बहीण आणि मी गोंदियाला गेलो. डॉक्टरांनी लाल चट्ट्यापुरती कवळी घासून कमी केली, ओरखडे गुळगुळीत केले आणि कवळी दिव्यासमोर धरून विचारलं, “इसको किसने माँजा? बर्तन है क्या?”

बाबांनी नाव सांगितलं नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती.

त्यानंतर सराव. बहिणीचा नियम असा होता: सकाळी कवळी पाण्यातून काढायची, पुसायची नाही, तशीच घालायची, दिवसभर तोंडात ठेवायची आणि दर तासाला दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं. वाचायला घरात माझ्या बातम्या होत्या. धानाच्या सरकारी खरेदीवरची बातमी बाबांनी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा ‘प्रशासनाच्या’ या शब्दावर कवळी सुटली. दुसऱ्यांदा पुढच्या ओळीपर्यंत टिकली. तिसऱ्यांदा बातमी पूर्ण झाली आणि बाबांनी पहिला अभिप्राय दिला, की वाक्यं लांब आहेत आणि शेवटी काय झालं ते कळत नाही. बहीण म्हणाली, बोलता यायला लागलं.

या सगळ्यात तिचा स्वतःचा अभ्यास बंद होता. हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

बैठकीच्या दिवशी पाहुणे सकाळच्या गाडीनं आले: मुलाचे वडील आणि आणखी चौघं. परतीची पॅसेंजर आमगावहून साडेतीनला होती. ओसरीत सतरंज्या टाकल्या होत्या. मोठेबाबा मधे बसले होते आणि अडकित्त्याऐवजी दातांनीच सुपारी फोडत होते. बाबा त्यांच्या शेजारी, पुढ्यात पाण्याचा पेला. आई आणि बहीण स्वयंपाकघराच्या दाराआड.

पोहे झाले, चहा झाला, धानाचं झालं. मग मुलाच्या वडिलांनी विषय काढला, की फागुनातला दुसरा आठवडा बरा आहे. मोठेबाबांनी सुपारी गालात सारली.

“तुमी म्हनाल तसं.”

बाबांनी पेला उचलला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. पेला खाली ठेवला.

“पोरगी परीक्षा देणार आहे,” ते म्हणाले. “तारीख परीक्षेनंतरची काढू.”

शब्द सुटे आणि पूर्ण होते. मोठेबाबांनी वळून पाहिलं. आवाज कुठून आला याची त्यांना खात्री नसावी.

“गुरुजी,” मुलाचे वडील म्हणाले, “परीक्षा त आमच्या घरूनबी देता येते.”

“येते. कोणी दिलेली पाहिली का?”

 दोन्ही पक्षांनी इथे थांबायला हरकत नव्हती. पण बाबा चार महिने गप्प होते आणि कवळी हलत नव्हती. त्यांनी त्या दोन मुलींची हकीकत सांगितली. तिथून ते मुलींच्या शिक्षणावर आले, तिथून शाळेतल्या हजेरीवर, तिथून हजेरी तपासायला आलेल्या एका साहेबावर, जो नाल्याला पूर आल्यामुळे तीन दिवस शाळेतच राहिला होता. साहेबानं पहिल्या दिवशी काय खाल्लं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशीचंही सांगितलं. मधे मधे घोटभर पाणी घेत होते. कोणी काही बोलायला तोंड उघडलं की बाबा हात वर करत, वर्गात करत तसा, आणि पाहुणे खरोखर थांबत. त्यांतला एक लहानपणी कुठल्यातरी अशाच शाळेत शिकला असावा; तो तर मांडी सावरून बसला.

पावणेतीन वाजले. मुलाच्या काकांनी घड्याळ पाहिलं, मग सगळ्यांना दिसेल असं पाहिलं. स्टेशन ऑटोनं वीस मिनिटांवर होतं. साहेब अजून शाळेतच होता आणि नाल्याचं पाणी उतरलेलं नव्हतं.

“गुरुजी,” मुलाचे वडील म्हणाले, “जेठ महिन्यातली तारीख काढा. आमाले गाडी हाय.”

“परीक्षा जेठाच्या आधी संपते,” बाबा म्हणाले. “चालेल. तर तो साहेब—”

पाहुणे उठले होते.

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावर मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, गुरुजी नेहमी एवढे बोलतात का? मी खरं ते सांगितलं: गेले चार महिने नाही. त्यांनी मान डोलावली आणि गाडीत चढले.

घरी आलो तेव्हा बहीण मधल्या खोलीत उभी होती. आत तिला ‘जेठ’ ऐकू गेलं होतं, पण तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. मी सांगितलं. तिनं परीक्षेपर्यंतचे दिवस मोजले. मग वहीवरची धूळ पुसली, रसायनशास्त्राच्या त्या भागाची पानं उलटली जो तिनं अजून एकदाही वाचला नव्हता, आणि तिचा चेहरा उतरला. ओसरीत बाबा आईला साहेबाचा तिसरा दिवस सांगत होते. बहिणीनं मधलं दार लावून घेतलं, कडी घातली आणि वाचायला बसली.