वैशूने रोखलेला श्वास

वैशूला जाऊन दीड महिना झाला. तेराव्याला आलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "एवढं शिकून काय मिळालं हो पोरीला?" मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. म्हटलं, आता ऐकूनच जा. त्या थांबल्या नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

वैशू माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गोवंडीला टीबीने गेली, तेव्हापासून ती अंधेरीत माझ्याकडे. माझा धंदा मासळीचा. बर्फाच्या पेटीशेजारी बसून पोरीने अभ्यास केला आणि नोकरीही धरली ती बर्फाचीच... एका प्रयोगशाळेत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. टीबीच्या जंतूतलं एक प्रथिन गोठवायचं आणि त्याचे फोटो काढायचे. औषध नेमकं कुठे चिकटेल, ते त्यावरून कळतं म्हणे.

"पण गोठवायचं पापणी लवायच्या आत," ती सांगायची. "हळू गोठलं की पाण्याचे खडे होतात, नमुन्याची वाट लागते."

"मला शिकवतेस? घरच्या फ्रीजरमधली सुरमई भुसभुशीत का होते गं?"

"तेच तर, मावशी. तू आमच्या लॅबमध्ये पाहिजे होतीस."

टिकलीएवढी तांब्याची जाळी, तिच्यावर तो नमुना. द्रव नायट्रोजनच्या त्या भयंकर थंडीत जाळी हलवताना तिच्यावर नुसता श्वास पडला, तरी त्यातल्या वाफेचा बर्फ होतो. बारीक चुरा बसतो, फोटो फुकट. म्हणून ही तोंड बाजूला वळवून श्वास रोखायची. आणि नेमकी तिच्याच फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली... लॅबचे साहेब म्हणाले, "आता कम्प्युटरवर बस, जाळ्या दुसरं कोणी हलवेल." ही म्हणाली, "सर, जाळी हलवताना मला खोकला आला, तर त्या दिवशी या जागेवरून उठेन." घरी घड्याळ समोर ठेवून श्वास रोखायची. आधी वीस मोजेपर्यंत. मग पंधरा.

"पुरे गं बाई आता," मी म्हटलं.

"मावशी, मला दहा पुरतात."

दोनदा चुरा बसला. तिसऱ्यांदा फोटो आला. मोबाईलवर बघितला, तर राखाडी पाटीवर काळपट ठिपके.

"हे एवढंच?"

"एवढंच. असे हजारो ठिपके जुळवले की आकार दिसतो. आईला ज्याने खाल्लं ना, त्याचा हा तुकडा. आता सुटत नाही तो."

आकार पुरता दिसायच्या आत ती गेली. तिच्या जाळ्या अजून टाकीत गोठलेल्या आहेत. साहेब घरी येऊन सांगून गेले, त्यांच्यावरच काम चालू आहे, एकीवरही चुरा नाही. तर वहिनी, हे मिळालं.

हल्ली बाजारात पेटीचं झाकण उघडताना मीही तोंड बाजूला वळवते. परवा गिऱ्हाईक म्हणालं, "काय मावशी, वास येतोय का मासळीला?"

"ताजी आहे," मी म्हटलं, "जरा थांब." आणि श्वास रोखून दहा मोजले.