वखरामागचे बगळे

समुद्रावर कुठलाही पक्षी दिसला की तो कपाळावर आडवा हात धरायचा आणि म्हणायचा, "भाऊ, बगळे!" कुरव असो की आणखी काही, त्याच्या लेखी सगळे बगळेच.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं एकाच मालवाहू जहाजावर होतो. मी पांढुर्ण्याचा, सुकाणूवर. तो सौंसरजवळच्या बोरगावचा, टेहळणीवर. दोघांच्याही गावापासून समुद्र शेकडो मैल लांब. कप्तान रत्नागिरीकडचा. आम्हाला तालुक्याच्या नावानंच हाक मारी आणि वर विचारी, "काय रे सौंसर, तुमच्याकडे भरती किती वाजता?" मी हसायचो. तो हसत नसे.

का, ते मला ठाऊक होतं. त्याचे आईबाप जन्मभर लोकांच्या कपाशीत राबले. त्यातून बाहेर पडलेला घरातला हा पहिलाच. "काही झालं तरी दुसऱ्याच्या वावरात परत नाही जायचं," हे तो जेवताना, दाढी करताना, कधीही म्हणायचा.

आणि नोकरी तर टांगणीला लागलेली. एकदा त्यानं तरंगत्या ओंडक्याला होडी म्हटलं, एकदा फेसाला खडक. दोन्ही वेळा जहाज वळवावं लागलं. कप्तानानं बजावलं, "तिसऱ्यांदा खोटं निघालं तर मुंबईला बोचकं घेऊन उतरायचं." बगळ्यांचं तर नावही काढायचं नाही.

ओमानच्या किनाऱ्यापुढची ती सकाळ. वारा पडलेला. समोर, अगदी आमच्या वाटेवर, पक्ष्यांचा थवा एकाच जागी खालीवर करत होता. त्याचा हात कपाळावर गेला. मला हळूच म्हणाला, "खालून कोणीतरी वखर हाकून राहिलं, भाऊ."

तुम्हीही पाहिलं असेल, वावरात वखर चालला की उकरलेल्या मातीतले किडे टिपायला बगळे मागे लागतात. पण समुद्रात कसला वखर?

"गप बस," मी म्हटलं. "नोकरी जाईल."

त्यानं हात खाली घेतला. पण तो लगेच पुन्हा कपाळावर गेला. मग एकदम वळून ओरडला, "साहेब, जहाज वळवा! समोर काही आहे!"

"काय आहे?"

"दिसून नाही राहिलं. पण आहे."

कप्तानानं दुर्बीण लावली. नुसतं पाणी. "बोचकं बांधून ठेव," तो याला म्हणाला, आणि मला, "डावीकडे घे."

मी चाक फिरवलं. भरलेलं जहाज काही लगेच वळत नाही. तेवढ्यात सगळे पक्षी उडून गेले. आता समोर दाखवायलाही काही उरलं नाही. कप्तान घड्याळाकडे पाहत होता. मला याच्याकडे बघवेना, पण त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, "ये ना बाप्पा. वर ये."

उजवीकडे, जिथून आम्ही जाणार होतो नेमकं तिथं, पाणी फुगलं आणि भस्सकन् फवारा उडाला. एक काळी पाठ वर आली, ती संपेचना. तिच्या कुशीला दुसरी, लहानशी. मायलेकरं होती.

"हंपबॅक," कप्तान पुटपुटला. "कुबडवाला देवमासा."

"कुबड कायचं, साहेब? वशिंड आहे ते. वखर वढते त्याले वशिंड राहीनच!"

असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. "मले वाटलं, गेलो आता वावरात," तो म्हणाला. मी त्याला 'गप बस' म्हटलं होतं, याची मला फार लाज वाटली.

कप्तानानं दुर्बीण खाली ठेवली. "सौंसर, यापुढे बगळे दिसले की सांगत जा."

मी लवकरच जहाज सोडून गावी आलो. तो बरीच वर्षं समुद्रावर राहिला. परतल्याचं कळलं, तरी भेट राहतच गेली. शेवटी एकदा बोरगावला उतरलो. दारात त्याची बायको होती. जय भीम केला, ओळख सांगितली.

"संत्र्याले बहार आला होता, तवाच गेले ते, भाऊ," ती म्हणाली. "पण दुसऱ्याच्या वावरात पाय नाही ठेवला त्यायनं."

परतताना मी बससाठी उभा होतो. रस्त्याकडेच्या वावरात वखर चालला होता, मागे बगळे. माझा हात आपोआप कपाळावर गेला. बस आली, माणसं चढली, बस निघून गेली. मी तसाच उभा होतो, बगळ्यांखालून काहीतरी वर येईल म्हणून.