पोळ्याच्या दिवशी पिकअपने हिंगोली

गुरुवार, २५ ऑगस्ट १९३८ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या पिकअपने पुसेगाव–हिंगोली रस्त्यावर प्राण सोडला. या रस्त्याने स्वतःच्या मोटारीने जाण्याचा ज्यांचा बेत असेल, त्यांनी हे वाचावं आणि बैलगाडी करावी.

माझी थोरली बहीण अक्का रंगूनला मुलाकडे कायमची चालली होती. तिची आगगाडी दुपारी हिंगोलीत अर्धा तास थांबणार होती. आम्ही दोघी साठी ओलांडलेल्या. पुन्हा भेट होण्याचा संभव नव्हता.

रस्ता मुरमाचा, मध्येमध्ये काळी माती. पेट्रोल हिंगोलीखेरीज मिळत नाही, तेव्हा डबा बरोबर ठेवावा. मुख्याध्यापिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मी शेतावर राहायला आले, तेव्हा हळद वाहायला ही गाडी घेतली. विकणारा म्हणाला होता, "बैल थकतो बाई, ही थकत न्हाई." चैत्रापासून ती प्रत्येक फेरीला एकाच वस्तीपाशी बसते आणि तिथल्या पाटलांचे बैल तिला हिंगोलीपर्यंत ओढतात.

"पाटील, बैल जुंपा," मी म्हणाले.

त्यांच्या लेकराला जुवाखाली घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज पोळा, बाई. आज खांद्यावर जू न्हाई."

ड्रायव्हर करीमभाई बॉनेटमध्ये शिरले. मला घरात पुरणपोळी वाढली. तूप सढळ होतं. बाहेर येऊन पाहते तो मडगार्डांना बैलांच्या शिंगांचा निळा रंग, पाठीवर झूल, आणि पाटलीणबाई पुढच्या जाळीत पोळीचा घास खोचताहेत.

"हे कशासाठी?"

"आमच्या बैलांमागं चालती नव्हं सदा? त्यांची जोडीदारीणच की."

तेवढ्यात करीमभाईंनी हँडल मारलं आणि इंजिन चक्क सुरू झालं. पाटलांनी हात वर केला. "बंद करा. पूजा झाली. आता हिलाबी सुट्टी."

"ते यंत्र आहे, पाटील."

"आसंल. पण घास खाल्ला का न्हाई?"

करीमभाईंनी इंजिन बंद केलं. "बाईसाब, मला याच रस्त्यानं सदा यायचंय," ते हळूच म्हणाले.

आवाज चढवणारी बाई आधीच हरलेली असते, असं कॉन्व्हेंटात शिकवलं होतं. मी शांतपणे अक्काबद्दल सांगितलं.

"बहिणीला भेटायचं व्हय? मग पैलं सांगायचं," पाटील म्हणाले. "बैलाला सुट्टी, हिला सुट्टी. माणसाला कुठं हाय?"

गावच्या बाप्यांनी पिकअप हिंगोलीपर्यंत ढकलली. सजलेले बैल मागून रमतगमत, हलगी पुढे, मी छत्री धरून आत. वाटेतल्या प्रत्येक वस्तीत बायका ओवाळायला आल्या. गाडीला ओवाळत होत्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. दर थांब्याला मी घड्याळ दाखवत होते. "वाजंत्री हाय, घड्याळ कशाला?" असं एक म्हातारी म्हणाली.

स्टेशनात पोचलो तेव्हा आगगाडी हलली होती. अक्का खिडकीत होती. तिने निळे मडगार्ड पाहिले, झूल पाहिली, बैल पाहिले, मला पाहिलं.

"काय गं हे?" ती ओरडली.

उत्तराला अर्धा तास लागला असता. माझ्या वाट्याचा अर्धा तास वाटेतल्या ओवाळण्यात गेला होता.

घरी येऊन राखेने घासलं तरी रंग निघत नाही. पाटलांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांच्यामुळे निदान खिडकी तरी दिसली. विक्रेत्याकडून मला पैसे परत नकोत. अक्काच्या प्रश्नाचं उत्तर त्याने सोमवार, २९ ऑगस्ट, दुपारी बाराच्या आत सहीनिशी लेखी द्यावं. सणाची सबब चालणार नाही. मी ते जसंच्या तसं रंगूनला पाठवीन.