धूर येईपर्यंत डोसे

खोकल्याची उबळ थांबली की मामी डोळे पुसत हसायच्या आणि तमिळमधलं ‘बरं’ म्हणत विचारायच्या, “सरी, कुठवर आलो होतो आपण?” गोष्ट तिथूनच पुढे सुरू. आजारपणाचं रडगाणं गाणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. स्वतःच्या खोकल्याची नक्कल करून दाखवणारं हे एकच माणूस मी पाहिलं.

टी. नगरमध्ये त्या माझ्या शेजारी राहत. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचं मराठी तमिळ हेल काढत चाले, आणि नाशिकहून आलेल्या माझ्या मराठीला त्या “पुस्तकातलं” म्हणत.

आमच्या खाली दागिन्यांचा कारखाना होता. सोनं साफ करायच्या ऍसिडचा पिवळा धूर बाथरूमच्या जाळीतून थेट मामींच्या घरात येई. फुप्फुसं खराब झालीत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मामींनी वकील गाठला. जाताना खाली डोकावल्या, तर दोन कारागीर त्यांच्यासारखेच खोकत होते.

“ह्यांचाही दावा घाला,” त्यांनी वकिलाला सांगितलं. “मला वरून धूर लागतो, हे तर त्यातच उभे आहेत.”

कारागीर मालकाला घाबरत होते. मामींनी त्यांना दिलासा दिला, “तो ओरडला तर वर या. मी शाळेत त्याच्याहून मोठ्यांदा ओरडत होते.”

कोर्टाने पाहणीसाठी एक वकील पाठवला. तारीख मालकालाही कळवलेली; त्यामुळे खाली काम बंद आणि कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्या. पाहुण्याने मामींच्या घरात सगळीकडे हुंगून पाहिलं. “वास तर काही नाही,” म्हणत तो निघाला.

“बसा. माझ्या घरून उपाशी कोणी जात नाही.”

एक डोसा झाला, दुसरा झाला. मग कॉफी, मग शाळेतल्या गमती, मग पुन्हा डोसा. मी तव्यावर पीठ पसरत होतो. मामी हळूच आत येऊन कुजबुजल्या, “लग्नसराई आहे. खाली किती वेळ दम धरतील?”

खालच्यांना वाटलं, पाहुणा केव्हाच गेला. त्याचा घास तोंडात असतानाच जाळीतून पिवळा धूर आला. तो ठसकला, डोळे चोळू लागला. मामी स्वतः खोकत, हसत, त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरून म्हणाल्या, “सर, आता लिहा.”

पुढे कारखाना तिथून हलला. तिघांच्या उपचारांचा खर्च मालकाच्या माथी बसला. निकालाच्या संध्याकाळी मामी आम्हाला समुद्रावर घेऊन गेल्या. “चला, हवा खायला.”

फुप्फुसं मात्र कोर्टाच्या हुकमाने बरी होत नाहीत. त्याच डिसेंबरात मामी गेल्या.

मला अजून त्या वाळूवरच दिसतात. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, समोर दोन थोराड कारागीर शाळेतल्या पोरांसारखे हात वर करून उभे.

“एवढाच श्वास?” मामी दटावताहेत. “अजून घ्या, कन्ना. बाळांनो, पोटभर घ्या.”