भंगाराच्या वाटेवरची गाडी

आमची पिकअप गाडी लष्कराच्या लिलावातली. पेट्रोल एवढं प्यायची की बाबा म्हणायचे, "हिच्यापक्षा बैलजोडी बरी." म्हणून मी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. राज्य नुकतंच स्थापन झालेलं, मीही नवा, अंगात नुसती खुमखुमी!

इंजिनासोबत टाकी, पाइप, फिल्टर, सगळंच बदललं. आमच्या जळगाव जामोदकडे कापसाच्या हंगामात वाऱ्यावर रुई उडते. ती डिझेलात जाऊ नये म्हणून टाकीला पितळेचं झाकण करून घेतलं, आत रबराची चकती. काय घट्ट बसायचं ते! येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचो.

गाडी मात्र जरा लांब गेली की गचके देऊन बंद. शेवटी बाबांनी खामगावच्या भंगारवाल्याशी बोलणं पक्कं केलं. बाबांचं तेलाचं दुकान. माझा विचार असा, की या गाडीवर माल वाहायचा धंदा मांडायचा. ती गेली की जन्मभर दुकानात डबे उचलणं आलं. गाडी मीच नेऊन द्यायची असा हुकूम झाला, आणि मी मधूनच पळेन म्हणून बाबा शेजारी येऊन बसले. मला रडू येत होतं आणि संतापही.

आता गंमत बघा. भंगारात जायलासुद्धा गाडी चालायला हवी! गावाबाहेर पडतो न पडतो तोच बंद. मी झाकण उघडलं, काडी घालून डिझेल पाहिलं, पाइपातली हवा काढली. सुरू. थोडं पुढे गेलो, पुन्हा बंद. बाबांनी कपाळाला हात लावला. "भंगारवालाबी नाई म्हनन हिले."

पुढच्या खेपेला मी झाकण फिरवलं आणि फुस्स झालं. बाबा टुणकन खाली उतरले.

"काय वाजलं बे?"

"हवा आत गेली."

"तेलाच्या डब्याले भोकं किती पाडतो आपन?"

"दोन."

"काऊन?"

मी हातातल्या झाकणाकडे पाहिलं. एका भोकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर डबा उपडा केला तरी तेल अडतं. लहानपणापासून मी स्वतः पाडत आलोय ती भोकं! टाकीत हवा जाईना, तर डिझेल बाहेर येणार कसं?

बाबांनी माझं लाडकं झाकण दगडावर ठेवलं, हत्यारांतून खिळा काढला आणि ठोकला. मी ओरडलोच.

"बाबा, नवं हाय ते!"

"गप बे! गाडी चालवाची का झाकन पुजाचं?"

भोकावर त्यांनी उपरण्याची चिंधी बांधली, रुई जाऊ नये म्हणून.

मग गाडी जी सुटली! थांबायचं नावच घेईना. मी हसत सुटलो, बाबा एका हाताने टोपी धरून ओरडत होते, "पळव बे, पळव!" रस्त्यातली एक बैलगाडी मागे टाकली तेव्हा तर त्यांनी चक्क टाळी वाजवली.

खामगाव आलं. भंगारवाला दारातच उभा, हात वर करून. मी जड पायाने ब्रेक दाबला.

"काऊन थांबून राह्यला?" बाबा म्हणाले.

"इथंच द्याची हाय ना."

बाबांनी बाहेर वाकून भंगारवाल्याला मोठ्ठा रामराम घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तेलाच्या मिलकडं घे. रिकामी गाडी घरी नेतं का कोनी?"